सर्व्हर रूमची किल्ली हातात आली, आता पुढे? सामायिक क्लस्टरच्या नव्या इन्चार्जसाठी

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी गेली चार वर्षं सामायिक क्लस्टरचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या, एकमेकांना जोडलेल्या मोठ्या कॉम्प्युटरांचा इन्चार्ज आहे. मूळचा मी मेकॅनिकलचा. "सर, तुम्हाला कॉम्प्युटरची आवड आहे ना," एवढ्या एका वाक्यावर डेड स्टॉक रजिस्टरवर माझी सही झाली आणि किल्ली खिशात आली. ऐवज लहानच आहे: एक लॉगिन नोड (नोड म्हणजे क्लस्टरातला एक कॉम्प्युटर; यातून सगळे आत शिरतात), ४० कोअरचे चार कॉम्प्युट नोड (खरी कामं यांवर चालतात), दोन जीपीयूचा एक नोड. मागणारे मात्र पाच विभागांचे. कॉम्प्युटरची मुलं डाळिंबावरचा तेल्या फोटोवरून ओळखणारं मॉडेल घडवतात, टेक्स्टाइलवाल्यांना टॉवेलच्या विणीतले दोष पकडायचे असतात, सिव्हिलच्या मॅडम भीमेच्या पुराचं गणित मांडतात, केमिस्ट्रीतला एक पीएचडी स्कॉलर रेणूंची ऊर्जा काढत असतो आणि आम्ही मेकॅनिकलवाले ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरवर हवा खेळवतो.

पहिलं वर्ष भांडणं सोडवण्यात गेलं. तुमच्याकडे अशीच किल्ली नुकतीच आली असेल, तर खालच्या क्रमाने जा. मी उलट्या क्रमाने गेलो होतो.

१. आधी पंधरा दिवस नुसतं बघा

आल्या आल्या नियम काढू नका. कोण काय धरून बसलंय आणि त्यातलं खरंच वापरतंय किती, हे रोज ठरलेल्या तीन वेळांना वहीत लिहा. जीपीयूसाठी एनव्हिडिया-एसएमआय, कोअरसाठी एचटॉप, एवढी दोन साधनं पुरतात.

तक्रार यायची "मशीन कमी पडतंय" अशी, आणि वही काही वेगळंच सांगायची. एका जीपीयूवर २४ पैकी २२ जीबी मेमरी भरलेली आणि वापर शून्य टक्के. सकाळी शून्य, दुपारी शून्य, रात्रीही शून्य. असे अकरा दिवस. चौकशी केली तर ज्युपिटर नोटबुक उघडं ठेवून पोरगा बार्शीला बहिणीच्या लग्नाला गेलेला. त्याच अकरा दिवसांत दोन मुली रोज "सर, जीपीयू मिळेल का" म्हणून दारात येऊन जात होत्या. त्याचा हेतू वाईट नव्हता. नोटबुकमागे चालणारा प्रोग्रॅम (कर्नल) बंद केला की मेमरी सुटते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमची निम्मी भांडणं अशीच निघाली, न वापरता अडवून ठेवलेल्या मशीनवरची.

२. 'न्याय्य' म्हणजे काय, ते आधी ठरवा

यात घाई केलीत तर पुढचं सगळं चुकतं. विभागप्रमुखांच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांना पटलेला तोडगा होता, "एक विभाग, एक नोड, विषय संपला." मीही मान डोलावली. इतिवृत्तात ठराव आला. तीन महिन्यांनी चित्र असं, की टेक्स्टाइलचा नोड आठवडा-आठवडा थंड पडलेला आणि केमिस्ट्रीच्या नोडवर सव्वीस कामं ताटकळलेली. परीक्षा संपल्यावर नेमकं उलट.

उजनीच्या कालव्यावर ज्याचं रान आहे त्याला यातली चूक लगेच कळते. शेजपाळीत पाणी मागायला नमुना नंबर सातचा अर्ज असतो आणि पाळी ठरलेली असते. तुमच्या पाळीला तुम्ही दार उघडलं नाही, तर ते पाणी तुमच्या नावाने कुठे साठून राहत नाही. कोअरचंही तसंच आहे. काल रात्री रिकामे गेलेले कोअर आज दुप्पट होऊन मिळत नाहीत. म्हणून विभागाला मशीन वाटून देऊ नका, हिस्सा ठरवून द्या. मशीन सगळं सगळ्यांचं. गर्दी झाली की ज्याने आपल्या हिश्श्यापेक्षा कमी वापरलंय तो पुढे, ज्याने जास्त वापरलंय तो मागे. गर्दी नसेल तर एकट्याने सगळं वापरलं तरी कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

ही कल्पना जुनी आहे. सिडनी विद्यापीठातल्या ज्युडी के आणि पियर्स लॉडर यांनी १९८८ साली ती शोधनिबंधात व्यवस्थित मांडली. तिला फेअर-शेअर म्हणतात.

हिस्से सारखेच हवेत असंही नाही. आमच्याकडे मात्र पाचही विभागांना सारखा हिस्सा आहे आणि सहावा हिस्सा 'नवखे' या नावाने राखलाय. पहिल्यांदाच येणारा बीईचा विद्यार्थी त्यातून खातो, म्हणजे त्याच्या गाईडने महिनाभर मशीन पिळून काढलं असलं तरी त्याची शिक्षा याला होत नाही.

३. कागदपत्रं

अर्जाचा नमुना एका पानाचा ठेवा. आमच्या अर्जात एवढंच आहे:

– कामाचं नाव, गाईडची सही, विभागाचा शिक्का
– अंदाजे किती कोअर-तास आणि जीपीयू-तास लागतील (दहा कोअर पाच तास चालले की पन्नास कोअर-तास)
– एका कामाला मेमरी किती, डेटा किती जीबी
– कोणतं सॉफ्टवेअर. परवान्याचं असेल तर परवान्याची प्रत
– डेटात रुग्णांची किंवा इतर कुणाची खासगी माहिती आहे का
– खातं कोणत्या तारखेला बंद करायचं

शेवटचा मुद्दा लोक रिकामा सोडतात. रिकामा अर्ज परत करा. तारीख नसलेली खाती पास होऊन पुण्याला नोकरीला लागलेल्या पोरांच्या नावाने वर्षानुवर्षं चालू राहतात, आणि त्यांचा पासवर्ड ज्युनिअरांना तोंडपाठ असतो.

याशिवाय प्राचार्यांच्या सहीची नियमावली हवी. दोन पानांपेक्षा मोठी नको, नाहीतर कुणी वाचत नाही. आणि तिघांची समिती.

४. रांग माणसाच्या हातातून काढून घ्या

आमच्याकडे आधी दाराला अडकवलेली वही होती, मग व्हॉट्सॲप ग्रुप आला. वहीत लोक एकमेकांची नावं खोडायचे. ग्रुपवर तर रात्री दोनला "सर प्लीज" सुरू व्हायचं. शिवाय एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली: वहीची पद्धत हॉस्टेलवरच्या मुलांच्या सोयीची होती. अक्कलकोट-मोहोळहून एसटीने येणाऱ्या मुली संध्याकाळची गाडी धरायला निघून जायच्या आणि मशीन नेमकं साडेसहाला मोकळं व्हायचं.

यावर उपाय म्हणजे शेड्युलर, कामांची रांग आपोआप लावणारा प्रोग्रॅम. आम्ही स्लर्म बसवला. तो फुकट मिळतो, त्याचा कोड खुला आहे, मूळ अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला, आणि जगातल्या कितीतरी मोठ्या सुपरकॉम्प्युटरवर तोच चालतो. विद्यार्थ्याने एसबॅच या आज्ञेने काम रांगेत टाकायचं आणि घरी जायचं. काम सुरू झालं, संपलं, फसलं, तिन्हीचे ईमेल मिळतात.

फेअर-शेअरचं गणित समजून घ्या, कारण समजावून तुम्हालाच सांगायचंय. स्लर्म प्रत्येकाचा वापर लक्षात ठेवतो, पण जन्मभर नाही. जुना वापर निम्मा धरला जाण्याचा काळ, म्हणजे अर्धायुष्य, मूळ सेटिंगमध्ये सात दिवसांचं असतं. आज १००० कोअर-तास वापरले, तर आठवड्याने ते ५०० धरले जातात, दोन आठवड्यांनी २५०, तीन आठवड्यांनी १२५. आम्ही ते चौदा दिवसांवर नेलं, कारण आमची कामं लांबलचक. एसशेअर म्हटलं की कोण किती वापरून बसलंय ते दिसतं. एसप्रायो म्हटलं की रांगेतल्या कामाचा क्रम कशामुळे तसा लागला तेही. या दोन्ही आज्ञा विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवा. "माझंच काम मागे का," याचं उत्तर पडद्यावर मिळालं की ते तुमच्या केबिनमध्ये येत नाहीत.

आता दोन खड्डे. मी दोन्हींत पडलोय.

पहिला: प्राधान्याचे वेगवेगळे घटक असतात, वापर, थांबण्याचा काळ, कामाचा आकार वगैरे. त्यांचं वजन सुरुवातीला शून्य असतं. मल्टिफॅक्टर (या घटकांवरून क्रम लावायची स्लर्मची सोय) चालू केलं पण वजनं दिलीच नाहीत, तर फेअर-शेअर आहे असं तुम्ही सांगत फिरता आणि रांग आपली जशीच्या तशी. वापराला सर्वांत जास्त वजन द्या, थांबण्याच्या काळालाही थोडं द्या. नाहीतर जास्त वापरलेल्या माणसाचं काम रांगेत म्हातारं होतं.

दुसरा: मर्यादा डेटाबेसमध्ये भरल्या म्हणजे लागू झाल्या असं नाही. स्लर्मला 'मर्यादा पाळायला लाव' असं अकाउंटिंगच्या सेटिंगमध्ये वेगळं सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. सहा आठवडे नोटीस बोर्डावर "एकावेळी कमाल ८० कोअर" लिहिलेलं आणि आत एक स्कॉलर १२० कोअर बिनधास्त वापरत होता. त्याने नियम मोडला म्हणून मी त्याला झापलं, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, सिस्टिमने दिले, मी घेतले." त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून नियम केला की एक चाचणी खातं उघडतो आणि तो नियम आधी स्वतः मोडून बघतो.

५. वेळ आणि मेमरी

नव्या इन्चार्जचा सर्वाधिक वेळ इथे जातो, म्हणून सावकाश सांगतो.

एका सोमवारी सकाळी रांगेत चौदा कामं, सगळ्यांपुढे कारण एकच: 'रिसोर्सेस', म्हणजे जागा नाही. पण सर्व्हर रूममध्ये गेलो तर पंख्यांचा आवाजच नाही. चाळीस कोअर पळायला लागले की आमचे नोड पिठाच्या गिरणीसारखे घोंघावतात. एस-कंट्रोल या आज्ञेने नोडची माहिती काढली: ४० पैकी १ कोअर दिलेला, १९२ पैकी १९२ जीबी मेमरी दिलेली. चारही नोडवर हेच. एका मुलाने एकेका कोअरची चार साधी कामं टाकली होती आणि मेमरी किती हवी ते लिहिलंच नव्हतं. मेमरीचा मूळ आकडा आपण ठरवून दिलेला नसेल, तर न मागणाऱ्याला स्लर्म त्या नोडची सगळी मेमरी देऊन टाकतो. एका माणसाने अख्खी एसटी बुक केल्यासारखं झालं.

इलाज एका ओळीचा आहे. दर कोअरमागे ठरावीक मेमरी मूळ सेटिंगमध्ये लिहा. १९२ भागिले ४० म्हणजे ४.८, ऑपरेटिंग सिस्टिमला वाव ठेवून आम्ही ४ जीबी लिहिलं. ज्याला जास्त हवी तो मागेल. सोबत सी-ग्रुपने, म्हणजे प्रोग्रॅमला हद्द घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीने, मेमरीची हद्द पक्की करा, म्हणजे मागितल्यापेक्षा जास्त खाणारं काम स्वतःच मरतं, शेजाऱ्याला घेऊन मरत नाही.

वेळेचंही तसंच. पार्टिशनला, म्हणजे स्लर्ममधल्या नोडच्या गटाला, मूळ वेळ दिली नसेल तर कमाल वेळ धरली जाते, आणि कमाल वेळही दिली नसेल तर हद्दच नाही. आमची मूळ वेळ एक तास, कमाल तीन दिवस. मूळ वेळ मुद्दाम तोकडी ठेवलीय, म्हणजे माणूस विचार करून स्वतःची वेळ लिहितो.

वेळ खरी लिहिण्यात त्याचाच फायदा कसा, हे मी सलूनच्या उदाहरणाने सांगतो. अपॉइंटमेंटचं गिऱ्हाईक यायला वीस मिनिटं आहेत आणि खुर्ची रिकामी आहे. बाकावरचा कुणी म्हणाला "माझी फक्त दाढी, दहा मिनिटं," तर कारागीर त्याला लगेच बसवतो. "बघू किती वेळ लागतो ते" म्हणणाऱ्याला बसवत नाही. स्लर्म मोठ्या कामासाठी कोअर गोळा करत असताना मधल्या फटीत छोटी कामं अशीच उरकून घेतो. याला बॅकफिल म्हणतात. दोन तासांच्या कामाला भीतीपोटी तीन दिवस लिहिणारा बाकावरच बसून राहतो.

अंदाज कसा करायचा? छोट्या डेटावर एकदा चालवा, संपल्यावर सेफ नावाच्या साधनाने बघा खरंच किती वेळ, किती कोअर, किती मेमरी लागली, त्यावरून पूर्ण डेटाचा हिशेब मांडा आणि वर वीस टक्के चढवा.

एकाच वेळी पाचशे कामं टाकणाऱ्यांसाठी: ॲरे जॉब, म्हणजे एकाच आज्ञेने अनेक सारखी कामं टाकायची पद्धत, शिकवा आणि ॲरेच्या आकड्यापुढे टक्क्याचं चिन्ह देऊन २० लिहायला लावा. मग एकावेळी वीसच चालतात, बाकीची आपापली पाळी धरतात.

६. मागची दारं

रांग पुढच्या दाराला लावली की लोक मागचं दार शोधतात.

लॉगिन नोडवर थेट प्रोग्रॅम चालवणं हे पहिलं. तिथे प्रत्येक खात्याला कोअर आणि मेमरीची छोटी मर्यादा घाला, समजावत बसू नका. दुसरं, एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दूरून लॉगिन करायचं साधन) थेट जीपीयू नोडवर शिरणं. पॅम-स्लर्म-ॲडॉप्ट बसवा, ज्याचं त्या नोडवर काम चालू नाही त्याला तो आत घेत नाही. तिसरं, एका खात्यावर पाच जण. त्यात गाईडचंच खातं सर्रास वापरलं जातं. सरांना तोंडावर "तुमचा पासवर्ड बदला" म्हणणं अवघड जातं, म्हणून नियमावलीत लिहा आणि प्राचार्यांची सही दाखवा. चौथं मागचं दार म्हणजे तुम्ही स्वतः. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड तुमच्याकडे असतो, आणि एखाद्या रात्री आपलंच काम पुढे सरकवायचा मोह होतो. मी एकदा सरकवलंय. दुसऱ्या दिवशी लॉग वाचणाऱ्या एका एमटेकच्या मुलाने विचारलं, तेव्हा कान गरम झाले. आता प्राधान्य बदललं की समितीच्या तिघांना आपोआप ईमेल जातो.

७. जीपीयू

एका माणसाला एकावेळी एकच. नोटबुकसारखं समोर बसून करायचं काम दिवसा आणि चार तासांपुरतं. लांब ट्रेनिंग रात्री, रांगेतून. उपकरणांवरही सी-ग्रुपची हद्द घाला, नाहीतर एक नंबरचा जीपीयू मिळालेला माणूस बिनदिक्कत दोन्ही वापरतो आणि त्याला पत्ताही नसतो. दर तासाला चेकपॉइंट, म्हणजे तिथून पुढे चालू करता येईल अशी तोवरच्या कामाची प्रत, साठवणं सक्तीचं करा. चेकपॉइंट असला की वेळ संपून काम तुटल्याचं कुणाला फार वाटत नाही, आणि चार तासांची हद्द जाच न वाटता पाळी वाटते.

८. जाणकाराचा फायदा

नियम सगळ्यांना सारखा असला तरी लिनक्स येणाऱ्याला मशीन दुप्पट मिळतं. हे मला दुसऱ्या वर्षीच्या आकड्यांत दिसलं. सिव्हिलचा हिस्सा अर्धाही वापरला जात नव्हता आणि कारण एवढंच, की त्यांना काळ्या पडद्याची भीती वाटायची. आता खातं उघडण्याआधी दोन तासांचा वर्ग सक्तीचा आहे. त्यात मी एक तयार स्क्रिप्ट (काम रांगेत टाकायच्या आज्ञांची फाइल) देतो, प्रत्येक ओळीवर मराठीत टीप असलेली: 'इथे वेळ लिही', 'इथे मेमरी', 'या ओळीला हात लावू नकोस'. सरावाला सगळ्यांत चांगले दिवस म्हणजे जानेवारीतली गड्डा यात्रा. निम्मं कॉलेज होम मैदानावर असतं आणि रांग रिकामी.

९. साठवण

होममध्ये, म्हणजे ज्याच्या त्याच्या कायमच्या फोल्डरमध्ये, प्रत्येकी ५० जीबी, त्याचा बॅकअप. स्क्रॅचमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, हवं तेवढं, पण तीस दिवस हात न लावलेली फाइल पुसली जाते आणि बॅकअप नाही. पुसण्याआधी सात दिवस आणि एक दिवस असे दोन ईमेल पाठवा. तरीही एखादा रडत येतोच.

१०. सबमिशनचा हंगाम

एप्रिल-मे. सगळ्यांचं काम तातडीचं, सगळ्यांची व्हायव्हा पुढच्या आठवड्यात, आणि वर सोलापूरचं ऊन. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंशांत असावी असं मानक सांगतं. बाहेर ४२ असताना एक एसी बंद पडला की अर्धे नोड उतरवावे लागतात. कोणते नोड आधी उतरवायचे, ते मार्चमध्येच लिहून ठेवा. यूपीएसची बॅटरीही तेव्हाच तपासा.

प्रॅक्टिकल परीक्षेसाठी किंवा देखभालीसाठी स्लर्ममध्ये रिझर्व्हेशन करता येतं. दहा दिवस आधी करा. मग त्या वेळेआधी संपणार नाहीत ती कामं सुरूच होत नाहीत, आणि कुणाचं काम मध्येच मारायची वेळ येत नाही.

"सर, फक्त आजची रात्र" याला तोंडी होकार कधीच देऊ नका. अर्ज समितीकडे, लेखी, कारण आणि तासांसह. मंजूर झाला तर ठरलेल्या तासांपुरतं वरचं प्राधान्य, आणि नाव बोर्डावर. बोर्डाचं कळल्यावर निम्मे अर्ज येतच नाहीत. माझ्या विभागाचा अर्ज असेल तेव्हा मी खोलीबाहेर चहा प्यायला जातो.

११. महिन्याचा तक्ता, आणि बाहेरचं दार

दर महिन्याच्या एक तारखेला एक पान लावा: कुठल्या विभागाने किती कोअर-तास वापरले, सरासरी किती तास थांबावं लागलं, मागितलेल्यापैकी खरंच किती वापरलं. तिसऱ्या रकान्यातला आकडा ज्याचा सर्वांत कमी, त्याच्यासोबत बसून स्क्रिप्ट दुरुस्त करा; ओरडू नका.

तक्त्यात एखादा गट सलग तीन महिने हिश्श्याच्या कितीतरी वर दिसला, तर त्याचं काम तुमच्या मशीनच्या आवाक्याबाहेर गेलंय असं समजा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून सी-डॅकने देशभर परम मालिकेची यंत्रं बसवली. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याच्या आयसरमधलं परम ब्रह्म. अशा ठिकाणी अर्ज करताना "आम्हाला खूप गरज आहे" या वाक्याने काही होत नाही. सेफचे सहा महिन्यांचे आकडे, कोअर वाढवल्यावर काम किती पटीने वेगाने होतं त्याचा आलेख, आणि चालू स्थितीतली स्लर्म स्क्रिप्ट, एवढं जोडा. आमच्या केमिस्ट्रीच्या स्कॉलरचा पहिला अर्ज परत आला तो आलेख नव्हता म्हणून. एक, दोन, चार नोडवर तेच काम चालवून तो काढायला त्याला दोन रात्री लागल्या, त्याही गड्ड्याच्या.